माझं डिझाइन माझं म्हणून कसं ओळखू येईल?

पत्र: मी सत्तावीस वर्षांची, कुडाळजवळच्या गावात राहते. टेक्स्टाइल डिझाइनचा डिप्लोमा झालाय आणि तीन वर्षं घरूनच कापडासाठी प्रिंट डिझाइन्स करते. जलरंगातली फुलं, भौमितिक, वारलीसारखी माणसं, होमस्टेवाल्यांसाठी माड-होडी-मासे, सगळंच थोडं थोडं जमतं. मागच्या महिन्यात एका खरेदीदार बाईंनी माझी चाळीस डिझाइन्स पाहिली आणि म्हणाल्या, “काम स्वच्छ आहे, पण पाच जणींनी मिळून केल्यासारखं वाटतं.” ते फार लागलं. स्वतःची शैली शोधायची म्हणजे नेमकं काय करायचं? कोकणातली आहे म्हणून कोकणाचेच विषय धरू का? आणि एकच प्रकार धरला तर हातातली इतर कामं जाणार नाहीत ना? चतुर्थी पंधरा दिवसांवर आलीय. त्यानंतर दोन महिने मोठं काम नाही, म्हणून आत्ता विचारते. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: बाईंचं बोलणं लागलं असणार. पण त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग पुन्हा वाचा. काम स्वच्छ आहे, म्हणजे हात बसलाय. हात बसायलाच वर्षं जातात आणि ती तुम्ही घातलीत. आता उरलंय ते पसारा आवरण्याचं काम, आणि मोकळ्या दोन महिन्यांत ते बरंच पुढे सरकू शकतं.

आधी विषयाचा गुंता सोडवू. शैली विषयातून येते असं धरून कित्येक जण वर्षानुवर्षं विषयच बदलत राहतात. माड, होडी आणि बांगडा कितीतरी होमस्टेंच्या उशांवर आहेत आणि ते कुणी काढले हे सांगता येत नाही. ओळख पटते ती काढताना न बोलता घेतलेल्या लहान लहान निर्णयांवरून. रेघ किती जाड ठेवली, ती कुठे थांबवली, दोन आकारांत किती जागा सोडली, किती रंग घेतले आणि त्यातला कुठला किती पसरला, आकृत्या ओळीत बसवल्या की विखुरल्या. दर डिझाइनला हे सगळं नव्याने ठरवलं की चाळीस डिझाइन्स पाच जणींची दिसतात.

फिनलंडच्या मारिमेक्को या कापड कंपनीसाठी माइया इसोला या डिझायनर बाईने सुमारे ५०० डिझाइन्स केली. १९६४ सालची ‘उनिक्को’, म्हणजे खसखशीची मोठाली फुलं, सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तिने दगड काढले, विहीर काढली, खरबूज काढलं, समुद्रपक्षी काढले. विषय इतके वेगळे असूनही तिचं काम ओळखू येतं, कारण तिच्या गाजलेल्या डिझाइन्समध्ये आकार अवाढव्य असतो, रंग सपाट असतो, सावली-छटा नसते आणि कड कात्रीने हाताने कापल्यासारखी किंचित वेडीवाकडी असते. निर्णय चारच, पण ते पुन्हा पुन्हा घेतलेले.

तुमचे असे चार-पाच निर्णय आधीपासूनच कुठेतरी असणार. चतुर्थीपर्यंतच्या पंधरा दिवसांत ते शोधा. चाळीसही डिझाइन्सचा खऱ्या मापातला १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा काळ्या-पांढऱ्यात छापून घ्या. अख्खं डिझाइन आक्रसून छापू नका, नाहीतर रेघेची जाडी आणि मधली जागा दोन्ही खोटी दिसतील. रंग काढायचा तो एवढ्यासाठी की रंग डोळ्याला फसवतो. दोन डिझाइन्स एकाच निळ्यात असली की ती बहिणी वाटतात, आणि काळी-पांढरी केली की परकी निघतात. सगळे तुकडे जमिनीवर पसरा आणि घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाला बोलवा ज्याने तुमचं काम फारसं पाहिलेलं नाही. एकच सांगा, “एकाच हातची वाटतात ती एकत्र ठेवा.” मध्ये बोलू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून तेच करून घ्या. दोघांच्या ढिगांत जी डिझाइन्स सारखी एकत्र आली, ती बाजूला काढा.

आता पट्टी घेऊन त्यांच्यावर बसा. वहीत प्रत्येकाची नोंद करा. बाह्यरेषा किती मिलिमीटर, सगळ्यांत मोठी आकृती किती सेंटिमीटर, दोन आकृत्यांमधली सरासरी जागा किती, मोकळी जमीन (आकृत्यांमागची पार्श्वभूमी) साधारण किती टक्के, मांडणी कुठली, आणि काढताना समोर काय होतं. ही शेवटची नोंद खरी करा. फूल समोर ठेवून काढलं, आठवणीतून काढलं, की पिंटरेस्टवरचं बघून? बघून काढलेलं डिझाइन ढिगात आलं असलं तरी तूर्त बाहेर ठेवा, कारण त्यातले निर्णय कुणा दुसऱ्याचे असतात. उरलेल्या आठ-दहांच्या आकड्यांत काहीतरी सारखं दिसेलच. रेघ सगळीकडे दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास असेल, किंवा तुम्ही आकार एकमेकांना कधीच टेकू देत नसाल. ते तुमचं आहे.

कोकणाचे विषय घ्या का, तर जरूर घ्या, पण पर्यटकाला दिसतं ते कोकण सोडून तुम्हाला दिसतं ते घ्या. आणि चतुर्थी तोंडावर असताना तुमच्याकडे एक असा विषय आहे की दुसरीकडे कुठे जायलाच नको. माटवी. गणपतीच्या वर टांगलेली ती लाकडी चौकट म्हणजे मुळात एक आखीव जाळी आहे, आणि तिला बांधलेल्या वस्तू म्हणजे तयार आकृत्या. आंब्याचे टाळ (डहाळ्या), नारळ, सुपारीचं शिपटं (घड), कवंडळं (गोल रानफळं), कांगणीचे घोस, हरण म्हणतात ती पिवळी रानफुलं, शेरवड, तेरडा. गोल, लांबट, झुबक्याचं, पातळ, टोकदार असे सगळे आकार एकाच जागी, आणि त्यांना धरून ठेवणारी उभी-आडवी पट्ट्यांची शिस्त. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसचं १८६२चं पहिलं वॉलपेपर डिझाइन ‘ट्रेलिस’ असंच होतं. त्याच्या घरच्या बागेतली लाकडी जाळी आणि तिच्यावर चढलेले गुलाब. (त्यातले पक्षी त्याने काढलेच नाहीत, ते मित्र फिलिप वेबकडून काढून घेतले. तुम्हालाही माणसं जमत नसतील तर ती काढलीच पाहिजेत असं नाही.)

पाच दिवसांचा गणपती असेल तर पहिल्या दिवशी आणि पाचव्या दिवशी, दोन्ही वेळा माटवीखाली वही घेऊन बसा. पहिल्या दिवशी सगळं टवटवीत आणि घट्ट असतं. पाचव्या दिवशी टाळ गुंडाळतात, तेरडा मान टाकतो, कवंडळं मात्र तशीच तुकतुकीत राहतात. सुकताना आकार सोपा होतो, आणि डिझाइनला असा सोपा झालेला आकारच लागतो. शेरवड जवळून बघा. खरं फूल बारकं, केशरी, पाच टोकांचं असतं, आणि लांबून जे पांढरं दिसतं ते त्याला लागून असलेलं एकच मोठं पानासारखं दल. म्हणजे एक लहान तारा आणि त्याच्या अंगाला तिरकं लागलेलं एक पांढरं पान. इतकी असमान, एका बाजूला झुकलेली आकृती मनातून काढायला बसलात तर सुचणार नाही. तुम्ही पाच सारख्या पाकळ्याच काढाल, आणि नेमकं तिथेच डिझाइन सगळ्यांसारखं होतं. सुतळीची गाठही काढा. शिपट्याला सुतळी कशी दोनदा गुंडाळून वर ओढली आहे, टोकं किती लोंबतात. बांधणीचा हा तपशील फळाफुलांइतकाच तुमच्या उपयोगाचा आहे.

प्रत्येक वस्तूची किमान आठ-दहा चित्रं काढा. एका बैठकीत दोन मिनिटांची चार, मग दहा मिनिटांची दोन, मग वस्तूकडे पाठ करून आठवणीतून दोन. आठवणीतून काढलेल्या दोन चित्रांत तुम्ही काय ठेवलं आणि काय गाळलं, त्याची वहीत नोंद करा. गाळण्याची सवय प्रत्येकाची वेगळी असते आणि शैलीचा मोठा भाग तिच्यातच असतो.

चतुर्थी उरकली की नियमांचं कार्ड करा. पोस्टकार्डाएवढं, टेबलासमोर भिंतीला. पहिल्या पंधरवड्यात मोजलेल्या आकड्यांवरून नियम काढा, हवेतून नको. समजा तुमची रेघ पावणेदोन-दोन मिलिमीटरची निघाली, तर नियम असा लिहा: बाहेरची रेघ २ मिमी, सगळीकडे एकाच जाडीची, टोकाला गोल, आतली रेघ तिच्या निम्मी. दोन आकार एकमेकांना टेकणार नाहीत, मध्ये ४ मिमी जमीन राहील. सपाट रंग, छटा नाही. प्रत्येक मोठ्या आकाराच्या पोटात एक लहान आकार. आकृत्यांची मापं तीनच: १२ ते १५ सेंमी, ५ ते ६ सेंमी आणि १ ते २ सेंमी. हत्यार एकच, मग तो ब्रशपेन असो की टाक. पाच-सहा नियम पुरेत. दहा झाले तर हात आखडतो, दोन-तीनच ठेवले तर सगळं पुन्हा पसरतं.

या कार्डावर आठ आठवड्यांत चोवीस डिझाइन्स करायची, आठवड्याला तीन. हा आकडा मोठा वाटेल, पण तो कमी करू नका. पहिल्या सहा-सातांत आधीपासून डोक्यात असलेलं बाहेर पडतं. मग दहाव्या-बाराव्याच्या आसपास कंटाळा येतो, सगळं सुचून संपलंय असं वाटतं, आणि बहुतेक जण तिथे नियम सोडून नव्या विषयाकडे वळतात. तुमच्या चाळीस डिझाइन्सचं असंच झालं असावं. कंटाळ्यावर नियम बदलू नका, मांडणी बदला. तीच कवंडळं आधी ओळीने लावली असतील तर आता विखरा, मग वेलीवर चढवा, मग जाळीच्या प्रत्येक गाठीवर एकेक टांगा. त्या आठ आठवड्यांत पिंटरेस्ट बंद ठेवा आणि विकतचे डिजिटल ब्रशही वापरू नका. तोच ब्रशचा संच हजारो जणांकडे असतो.

रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा छापला जाणारा चौकोन, कागदावरच जुळवा असा आमचा आग्रह आहे, कारण हाताने कापताना जागा कुठे रिकामी पडते ते डोळ्यांना आधी कळतं. २० बाय २० सेंमीचा कागद घ्या. मधोमध काढा, कडांना काही लावू नका. मग कागद उभा बरोबर मधोमध कापा, डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून टेप लावा. आता मध्ये आलेली मोकळी पट्टी भरा. मग आडवा कापा, वरचा खाली, खालचा वर, टेप, आणि उरलेली जागा भरा. हे झालं सरळ रिपीट. हाफ-ड्रॉप, म्हणजे शेजारचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने खाली सरकलेलं रिपीट, हवं असेल तर उजव्या कडेला जे अर्धं तुटलंय ते डाव्या कडेला त्याच उंचीवर न येता १० सेंमी खाली पुरं व्हायला हवं. माटवीच्या चौकोनी जाळीला सरळ रिपीट शोभतं. शेरवड, कांगणी यांच्यासारख्या सुट्या आकृत्यांना मात्र हाफ-ड्रॉपच द्या, नाहीतर त्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या दिसतात.

पावसाळी हवेत एक अडचण येते. आपल्याकडे भाद्रपदात कागद दमट होऊन फुगतो, तोही एका दिशेला जास्त. आज कापलेला तुकडा दिवाळीनंतर काढलेल्या तुकड्याशी मिलिमीटर-दीड मिलिमीटरने जुळत नाही, आणि ट्रेसिंग पेपर तर लाटा मारतो. म्हणून एक टाइल, म्हणजे रिपीटचा एक चौकोन, सुरू केली की त्याच एक-दोन दिवसांत पुरी करून स्कॅन करा. जपून ठेवायची मूळ चित्रं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके रेघेवरच येतात.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा, फाइल मात्र ३०० डीपीआयवर २५२० बाय २५२० पिक्सेलची करा. हा आकडा मुद्दाम सांगतोय. २० सेंमी म्हणजे ३०० डीपीआयला २३६२.२ पिक्सेल होतात, आणि तो अपूर्णांक कडेला केसासारखी पांढरी रेघ पाडतो. ती टाइलमध्ये दिसत नाही, दहा मीटर छापून आल्यावर दिसते. २५२० पूर्ण संख्या आहे, तिचा अर्धा १२६० हाही पूर्ण आहे म्हणून हाफ-ड्रॉप चुकत नाही, आणि छापताना ती होते २१.३ सेंमी, म्हणजे २० सेंमीचं चित्र किंचित मोठं होतं. मिलच्या रोटरी स्क्रीनचा, म्हणजे कापड छापणाऱ्या गोल फिरत्या जाळीचा, नेहमीचा घेर ६४ सेंमी असतो, त्यात ती तीनदा बरोबर बसते. उद्या एखादं डिझाइन मिलला द्यायचं झालं तर पुन्हा काढावं लागणार नाही.

रेघ संगणकात नेताना सॉफ्टवेअरला ती गुळगुळीत करू देऊ नका. आपोआप ट्रेस करणारी सोय कडेचा थरथराट खाऊन टाकते, आणि एवढे दिवस जपलेला हात एका क्लिकमध्ये जातो. आधी स्कॅन निव्वळ काळा-पांढरा करा, मग ट्रेस करताना गुळगुळीतपणा शक्य तितका कमी ठेवा आणि मूळ चित्राशी शंभर टक्के मापावर ताडून बघा.

रिपीट जुळलं की टाइल तीन आडवी, तीन उभी अशी लावून दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघा. दोन दोष हमखास सापडतात. एक म्हणजे मोकळ्या जागा ओळीत येऊन पांढरी वाट पडते, बहुधा तिरकी. त्या वाटेत नवी आकृती कोंबू नका. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या आकृत्या फिरवून तिचं तोंड बंद करा. दुसरा दोष असा की टाइलमध्ये एकच आकृती सगळ्यांत गडद किंवा सगळ्यांत मोठी असते, आणि कापडावर ती दर २१ सेंमीला हजेरी लावते. तशा किमान तीन करा, तिन्हींची दिशा वेगळी ठेवा आणि त्या एका ओळीत येणार नाहीत अशा बसवा.

माटवीचं सगळं काही लोंबतं, म्हणून तुमची डिझाइन्स सहज एकदिशी होतील. दिसायला सुंदर, पण कुर्ता किंवा शर्ट बेतताना तुकडे उलटे ठेवता येत नाहीत, कापड जास्त लागतं आणि खरेदीदार त्यासाठी नाही म्हणतो. चोवीसांतली निम्मी तरी दोन्ही बाजूंनी चालतील अशी ठेवा. एकदिशी आहेत ती पडदा, टेबलमॅट, टोटबॅग यांना द्या.

रंगांबाबत एकच आग्रह: रंग ठरवण्याआधी प्रमाण ठरवा. जमीन ६० टक्के, मुख्य रंग २५, दुसरा १० आणि एक ठिणगी ५, असं एक प्रमाण सगळ्या डिझाइन्सना लावलं तर रंग बदलले तरी घर एकच वाटतं. कोकण म्हणून हिरवा-निळाच घ्यायला हवा असं नाही. भिजलेल्या जांभ्याचा जवळजवळ काळा तांबडा, सुक्या जांभ्याचा विटकरी, आमसुलाचा काळपट जांभळा, मे महिन्यातल्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) गवताचा पिवळसर, तरव्याचा (भाताच्या कोवळ्या रोपांचा) पोपटी, चुन्याच्या भिंतीचा पांढरा, यातलेच सहा घ्या. पोस्टर कलरमध्ये २ बाय २ सेंमीचे चौकोन रंगवून सकाळी खिडकीच्या उजेडात निवडा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग दिवसा वेगळे दिसू शकतात. आणि स्क्रीनवरच्या रंगावर छापखान्याशी बोलू नका, रंगवलेला चौकोनच द्या.

वारलीबद्दल स्पष्ट सांगतो. ती शैली आहे, पण ती वारली समाजाची, आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. तिच्यातली माणसं उचलून तुमच्या कापडावर ठेवली तर ना ती तुमची होतात, ना वारली राहतात. ती डिझाइन्स तुमच्या संचातून काढाच. परंपरेकडून घ्यायची तर रचना घ्या. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, डाव १२० पानांचा, दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. राजा आणि प्रधान सोडले की उरतात एक ते दहा. आता मत्स्याच्या रंगाची ती दहा गोल पानं ओळीने लावा आणि बघा, त्याच गोलात एक मासा कसा बसवलाय, चार कसे, नऊ कसे. एकट्याला मान कसा मिळतो आणि दहा झाले तरी गर्दी का होत नाही. मांडणीचा याहून चांगला धडा तुमच्या घरापासून तासाच्या अंतरावर सापडणार नाही. काव कलेत चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडतात. रंग दोनच, आणि जमीन कुठली नि आकृती कुठली हे सारखं पालटत राहतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या कातळशिल्पातल्या प्रचंड हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेत. मोठ्याच्या पोटात लहान, हा तुमच्या कार्डावरचा नियम तिथे सड्यावर उघडा पडलेला आहे. हत्ती घेऊ नका, ती युक्ती घ्या.

इतर कामं जातील ही भीती बाळगू नका. गिऱ्हाइकाने जलरंगातली फुलं मागितली तर करून द्या, पैसे घ्या, फक्त ती तुमच्या पोर्टफोलिओत लावू नका. पोर्टफोलिओत बारा ते पंधराच डिझाइन्स ठेवा. तीही जोडीने: एक मोठ्या बुट्ट्याचं मुख्य डिझाइन, त्याला जोडून दोन मध्यम, आणि दोन-तीन बारीक बुट्टीची किंवा रेघांची, जी लांबून जवळजवळ सपाट रंग वाटतील. खरेदीदाराला मोठ्या बुट्ट्याबरोबर अस्तराला, कडेला, उशीच्या मागच्या बाजूला काहीतरी लागतंच. ते तुमच्याकडचंच मिळालं तर तो दुसरीकडे जात नाही.

दाखवण्याआधी एक परीक्षा घ्या. तुमची दहा डिझाइन्स आणि त्याच विषयाची, त्याच मापाची इतरांची आठ छापून घ्या. पाच जणांना आधी तुमची दोन दाखवा, मग उरलेली सोळा मिसळून पुढे ठेवा आणि त्याच हातची आठ निवडायला सांगा. बहुतेकांनी सहा किंवा जास्त बरोबर उचलली तर शैली दिसू लागली. चार-पाचच उचलली तर कोणती सुटली ते पाहा. बहुतेक वेळा त्यांत मधल्या जागेचा नियम मोडलेला सापडतो, विषयात चूक नसते.

इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी थोडं थांबा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखं काम नोंदणी न करता यंत्राने किंवा कारखान्यात ५०पेक्षा जास्त वेळा छापलं गेलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण मिळतं आणि ते ५ वर्षांनी वाढवता येतं. पण नोंदणीसाठी डिझाइन आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही. सगळ्या चोवीसांची नोंदणी करायची गरज नाही. ज्या दोन-तीन मुख्य डिझाइन्सवर सगळा संच उभा आहे, ती जाहीर करण्याआधी जाणकाराला विचारा.

आणि शेवटी कापड. कागदावर जमलेली शैली कापडावर तीन ठिकाणी निसटते. जाडसर सुती कापडावर अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ तुटते, म्हणून आतली रेघ त्याखाली नेऊ नका. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी असते आणि हाताने छापताना ती थोडी सरकतेच, म्हणून जिथे दोन रंग लागून आहेत तिथे फिकट रंग गडदाखाली ०.३ ते ०.५ मिमी घुसवून ठेवा, नाहीतर मध्ये पांढरी फट दिसते. तिसरं म्हणजे आकसणं. न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आकसतं, आणि बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त, म्हणून गोल कवंडळं धुतल्यावर आडवी लांबट होतात. कापड आधी धुऊन खळ काढूनच छापायला द्या. पिगमेंट छपाई (रंग कापडाला चिकटवणारी) असेल तर छापखान्याला स्पष्ट विचारा की १५० अंश सेल्सियसच्या आसपास चार-पाच मिनिटं पक्की करता का. नुसत्या सुकवण्यावर सोडलं तर रंग घासला की निघतो, आणि दमट हवेत पहिला रंग ओला असतानाच दुसरा चढवला तर कड फुटते. तुमच्या डिझाइनमध्ये तर कड हीच ओळख आहे.

पहिल्या खेपेला मुख्य डिझाइनचा एकच मीटर छापून घ्या. तो दोन भागांत कापा. एक तसाच ठेवा, दुसरा पाच वेळा धुऊन सावलीत वाळवा. मग दोन्ही तुकड्यांवर पट्टी लावून रेघ, मधली जागा आणि कवंडळाचा उभा-आडवा व्यास मोजा आणि ते आकडे भिंतीवरच्या कार्डावर, कागदावरच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. पुढची टाइल काढताना त्या दुसऱ्या आकड्यांकडे बघून काढा.